खिडकी बंद असतानाही घडवता येणारा रणगाडा

वाचकहो, गेल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र तळोजा फेज दोनमधील एका मातेचे आहे. घरी नवा फ्रिज आला, त्याच्या खोक्यातून थर्माकोलचे भलेमोठे ठोकळे निघाले आणि दहा वर्षांच्या चिरंजीवांनी त्यांतून ‘खऱ्यासारखा, मोठ्ठा’ रणगाडा करण्याचा निश्चय जाहीर केला. मुलाला दमा आहे. डॉक्टरांनी दिलेले प्रतिबंधक औषध रोज पंपाने सुरू आहे. वडील म्हणतात, करू दे, निदान तेवढा वेळ हातात मोबाइल राहणार नाही. आजी म्हणतात, ते पांढरे कण पोराच्या नाकातोंडात जातील. आणि मातेचा प्रश्न एका ओळीचा आहे : परवानगी द्यावी काय?

द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु या उत्तराला एक अट जोडलेली आहे आणि ती समजून घेण्यासाठी प्रथम तळोज्याच्या हवेविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे.

हस्तकलेच्या बहुतेक पुस्तकांत एक सूचना ठरलेली असते : खिडक्या उघड्या ठेवून काम करा. ती लिहिणाऱ्याने तळोज्याची हिवाळ्यातील पहाट अनुभवलेली नसावी. थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते आणि औद्योगिक वसाहतीतून आलेला धूर, वास, वाफा वर न जाता वस्तीतच रेंगाळतात. कासाडी नदीचे पाणी आणि इथली हवा यांविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात रंगमिश्रित सांडपाण्यामुळे या परिसरातील भटकी कुत्री निळी झालेली साऱ्या देशाने छायाचित्रांत पाहिली होती. अशा ठिकाणी सायंकाळी उग्र वास येऊ लागला की घरोघरी खिडक्या लावून घेतात, आणि दम्याच्या मुलाच्या घरी तर त्या लावायलाच हव्यात. म्हणजे मुलाला कामाला वेळ मिळतो तेव्हा खिडकी बंद असण्याचाच संभव अधिक. म्हणून माझी अट अशी : ज्या कामाला उघडी खिडकी लागते ते काम या घरात करायचेच नाही. उष्णता नाही, द्रावक नाही, फवारा नाही. या तीन गोष्टी वगळल्या की उरते काय, असे आपण विचाराल. बरेच काही उरते. जवळजवळ संपूर्ण रणगाडा उरतो.

आधी उष्णतेविषयी. थर्माकोल कापायचा म्हणजे तापलेली तार हवी, असा एक समज रूढ आहे. मखरे करणारे कारागीर तशीच तार वापरीत आले. घरी मुले तीच युक्ती मेणबत्तीवर तापवलेल्या सुरीने किंवा पेटत्या उदबत्तीने करतात. थर्माकोल हे स्टायरिन नावाच्या रसायनापासून बनलेले, हवेने फुगवलेले प्लास्टिक आहे. थंड असताना ते निरुपद्रवी पडून राहते. वितळले, करपले की त्यातून स्टायरिनची वाफ आणि काजळी निघते. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोके जड होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरिनची गणना ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ अशा पदार्थांत केली. एका दुपारच्या धुराने कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. वर्षानुवर्षे कारखान्यात त्या वाफेत वावरणाऱ्या कामगारांचा विचार त्यामागे मुख्यतः आहे. पण दम्याच्या श्वासनलिकांना कर्करोगाची वाट पाहावी लागत नाही. त्या पहिल्या दहा मिनिटांतच आखडू शकतात. फलक लिहिणाऱ्यांच्या दुकानात मिळणारा गुळगुळीत पांढरा सनबोर्ड तर त्याहून वाईट, कारण तो बहुधा पीव्हीसीचा असतो आणि तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा झोंबरा वायू सुटतो. तेव्हा जे कापायचे ते थंड पात्याने.

द्रावकांचे तसेच. रबरी चिकटद्रव्ये, झटपट चिकटवणारा गोंद, तैलरंग पातळ करण्याचे थिनर आणि डबीतून फवारायचे रंग यांना जो ‘रंगाचा वास’ येतो तो उडणाऱ्या द्रावकांचा असतो. सुदैवाने थर्माकोलच इथे पालकांच्या बाजूने उभा राहतो : यांतील बहुतेक पदार्थ लावताच तो विरघळून त्यात खड्डे पडतात. झटपट गोंदाचा आणखी एक अवगुण ठाऊक असावा. तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर इतका तापतो की कातडी भाजते. आणि कोविडच्या काळापासून घरोघर उरलेले एन-९५ मुखपट्टे कणांना अडवतात, वाफेला नाही. मुखपट्टा लावला आहे म्हणून स्प्रे मारू द्यावा, हा हिशेब चुकीचा आहे.

आता रणगाडा कोणता, हा प्रश्न. मुलाच्या मनात चित्रपटातला किंवा मोबाइलवरील खेळातला कोणता तरी असेल. मी सेंच्युरियन सुचवतो, आणि त्याला दोन कारणे आहेत. एक कारण आपल्या मातीतले आहे. १८१७ पासूनचा वारसा सांगणाऱ्या पूना हॉर्स या रेजिमेंटने १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धे सेंच्युरियनवर लढली. १९६५ मध्ये तिचे नेतृत्व करताना मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर सियालकोट आघाडीवर धारातीर्थी पडले. १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतरच्या लढाईत, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी पेट घेतलेला रणगाडा सोडण्यास नकार दिला आणि अखेरपर्यंत तोफ चालू ठेवली. वय एकवीस. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. खेत्रपालांच्या रणगाड्याचे नाव होते ‘फामागुस्ता’, आणि तो अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे. याच संस्थेने १९९४ मध्ये त्या शहरात रणगाड्यांचे संग्रहालय उभे केले. तिथे रोल्स रॉइसच्या चिलखती मोटारीपासून पॅटनपर्यंत अनेक यंत्रे उघड्यावर मांडलेली आहेत. सुटीत एकदा मुलाला तिथे न्यावे. छायाचित्रात रणगाडा हे खेळणे वाटते. त्याच्या शेजारी उभे राहिल्यावर, या लोखंडी पेटीत चार माणसे बसत होती, हे दहा वर्षांच्या मुलालाही उमगते.

दुसरे कारण अगदी व्यावहारिक आहे. रणगाडा घडवताना सर्वांत कंटाळवाणे काम चाकांचे. सेंच्युरियनच्या दोन्ही बाजूंना पोलादी पत्र्यांचे झाकण असते आणि त्यामुळे चाकांचा वरचा भाग व पट्ट्याची वरची धाव झाकली जाते. म्हणजे जे दिसत नाही ते करावे लागत नाही! पहिल्याच प्रयत्नात मूल चाकांपाशी अडकून काम सोडून देते, तो धोका इथे निम्म्याने कमी होतो.

प्रमाण एकास दहा धरावे. दहाने भागणे मुलाला तोंडी जमते. खऱ्या सेंच्युरियनचे धड सुमारे ७.६ मीटर लांब, रुंदी सुमारे ३.४ मीटर, उंची सुमारे ३ मीटर, आणि तोफ पुढे धरून एकूण लांबी ९.८५ मीटर. म्हणजे आपले धड ७६ सेंटिमीटर, रुंदी ३४, उंची ३०, आणि तोफेची नळी नाकापुढे साधारण २२ सेंटिमीटर आलेली. सिडकोच्या लहान घरातही पलंगाखाली किंवा कपाटावर मावेल एवढे हे माप आहे, आणि तरी मुलाला दोन्ही हातांनी उचलावे लागेल इतके मोठे. याच टप्प्यावर एक कोडे त्याला घालावे. खरा सेंच्युरियन सुमारे ५२ टनांचा. मग एकास दहाच्या प्रतिकृतीचे वजन किती? तो ५.२ टन म्हणेल. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दहापट कमी झाल्या की आकारमान हजारपट कमी होते, म्हणून त्याच पोलादाची प्रतिकृती ५२ किलोची होईल, हे त्याला थर्माकोलचे लहान चौकोनी तुकडे रचून दाखवता येते. आपला रणगाडा मात्र दोनतीन किलोंच्या वर जाऊ नये.

थर्माकोल विकत आणू नये, हे मी मुद्दाम सांगतो. राज्य शासनाने मार्च २०१८ मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीचे साहित्य यांवरही बंदी आणली. त्यानंतर गणपतीची मखरे पुठ्ठ्याकडे आणि कापडाकडे वळली. फ्रिजबरोबर घरात आलेलाच ठोकळा कचऱ्यात जाण्याआधी वापरणे ही गोष्ट निराळी. तो पुरला नाही तर उरलेले सारे त्याच फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून करावे. जाड नालीदार पुठ्ठ्याचे आडवे-उभे पडदे एकमेकांत खाचा करून अडकवले की जो सांगाडा होतो तो थर्माकोलपेक्षा मजबूत असतो, आणि मला विचाराल तर अधिक देखणाही. पोकळी भरायला तेवढे थर्माकोलचे तुकडे घालावेत.

कापण्याचे काम घरातील मोठ्या माणसाचे. रुंद पात्याचा कटर, पोलादी पट्टी आणि खाली जुना पुठ्ठा. पाते नवे हवे, कारण बोथट पाते थर्माकोल कापत नाही, ओरबाडते, आणि आजींना भीती वाटते ते कण त्या ओरबाडण्यातूनच उडतात. पाते जवळजवळ आडवे धरून, एका जोरात न कापता, तीनचार हलक्या ओढींत कापावे. घासकागदाने थर्माकोल घासू नये. कडा ओबडधोबड राहिल्या तरी चालतात, वरून कागद चढणारच आहे. पडलेले कण झाडूने लोटले की स्थिर विजेमुळे भिंतीला, कपड्यांना, केसांना चिकटत फिरतात. ओल्या फडक्याने टिपले की निमूटपणे गोळा होतात. घरात रांगते मूल असेल तर ही टिपणी त्याच क्षणी व्हायला हवी, कारण तीन वर्षांखालील मुले असा मणी नाकात घालतात किंवा गिळताना तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. आजींची भीती अनाठायी नाही, एवढेच की तिचा रोख दहा वर्षांच्या नातवापेक्षा धाकट्याकडे अधिक असावा.

धडाची पेटी २२ सेंटिमीटर रुंद ठेवली की दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटरचे पट्टे बसून रुंदी बरोबर ३४ होते. प्रत्येक बाजूला सहा चाके, प्रत्येकी आठ सेंटिमीटर व्यासाची : लोणच्याच्या आणि जॅमच्या बरण्यांची झाकणे धुऊन पुसून घ्यावीत, थोडी लहानमोठी असली तरी वरून झाकण येणार आहे. पट्ट्यासाठी नालीदार पुठ्ठ्याचा एका बाजूचा कागद पाण्याने ओला करून सोलून काढावा. आतली नागमोडी घडी उघडी पडते आणि रणगाड्याच्या पट्ट्याच्या कड्यांसारखी हुबेहूब दिसते. हे सोलण्याचे काम मुलाचेच. ते त्याच्याकडून काढून घेऊ नये. तोफेची नळी जुन्या वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करून. वरचा फिरता बुरूज पुठ्ठ्याच्या फासळ्यांचा, आणि त्याच्या तळाला स्टीलची वाटी उपडी बसवून ती धडातील गोल भोकात ठेवली की बुरूज खरोखर फिरतो. ओढण्याचा दोर म्हणून सुतळी, संदेशाच्या तारेसाठी खराट्याची काडी, सामानाच्या पेट्यांसाठी साबणाच्या वड्यांची खोकी. नटबोल्टसाठी काही मुले मसूर चिकटवतात. दिसतात सुरेख, पण मुंग्या आणि झुरळे त्यांचा शोध लवकरच लावतात, आणि झुरळ हे दम्याचे एक मोठे निमित्त आहे. त्यापेक्षा जुन्या फोमच्या चटईत पंचने पाडलेल्या टिकल्या बऱ्या. चटई नवी असेल तर ती आधी काही दिवस वास जाईपर्यंत बाहेर टांगावी, आणि टिकल्या दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावाव्यात.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉलसारखा पांढरा, पाण्यात मिसळणारा गोंद पुरतो. तो सावकाश वाळतो, ही तक्रार खरी आहे. दोन थर्माकोलच्या तुकड्यांमध्ये हवा शिरत नसल्याने रात्रभरही ओला राहू शकतो. दात कोरायच्या काड्या तिरक्या खुपसून सांधे धरून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशीच पुढे जावे. या सक्तीच्या विश्रांतीचे मला कौतुक वाटते, कारण मोबाइलवर रुळलेल्या मुलाला उद्यापर्यंत थांबण्याची सवय दुसरे कोण लावणार? हा आपला माझा दृष्टिकोन. मुलाचे मत वेगळे असेल.

सांगाडा झाला की त्यावर कागद. वर्तमानपत्राचे तळहाताएवढे तुकडे फाडून, मैद्याच्या खळीत बुडवून, तीनचार थर चढवावेत. हे कागदी कवच वाळल्यावर पुठ्ठा आणि थर्माकोल यांना एकसंध करते, कण आतच कोंडून ठेवते आणि रंग घ्यायला पृष्ठभाग तयार करते. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या खळीत तो कदापि घालू नये. कीड टाळण्याचा खरा उपाय म्हणजे पातळ थर आणि प्रत्येक थर पुरता वाळवणे.

वाळवण्याचा हा मुद्दा दम्याच्या घरात सर्वांत महत्त्वाचा आहे. धुराची भीती सर्वांना असते, बुरशीची कोणाला आठवण नसते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात खळीचा ओला लगदा चार चार दिवस वाळत नाही, त्यावर करडी-हिरवी लव धरते आणि तिचे सूक्ष्म बीजाणू घरभर पसरतात. अनेक दमेकऱ्यांचा त्रास त्यांनी वाढतो. ओल धरलेला पुठ्ठाही तसाच. कुबट वास येत असेल तर तो वापरूच नये. म्हणून हे काम जून ते सप्टेंबर करू नये. दिवाळीची सुटी त्यासाठी उत्तम, आणि ती आपल्याकडे मुळात किल्ले करण्याचीच सुटी आहे. फेज दोनच्या सातव्या मजल्यावर माती, विटा आणि पोती घेऊन किल्ला करायला अंगण मिळत नाही. पुठ्ठ्याचा रणगाडा त्या परंपरेतलाच समजावा. पहाटेचा वास ओसरल्यावर, दुपारी हवा बरी असेल तेव्हा तो गच्चीत किंवा खिडकीपाशी उन्हात ठेवावा. संध्याकाळी आत आणून पंख्याखाली.

रंग पाण्यात मिसळणाराच, भिंतीला लावतात तो किंवा चित्रकलेचा ॲक्रिलिक. लष्करी हिरवा विकत शोधत बसू नये. पिवळ्या रंगात थोडा थोडा काळा मिसळत गेले की तोच मळकट हिरवा तयार होतो. हिरवा न वापरता हिरवा होतो, याचे मुलांना फार आश्चर्य वाटते.

बसण्याविषयी एवढेच. जमिनीवर वाकून तास न् तास कागद चिकटवला तर मान आणि पाठ धरते, मुलाची आणि त्याहून अधिक वडिलांची. टेबल किंवा ओटा कोपराच्या उंचीचा असावा. बारीक कामात डोळे जवळ खिळून राहतात, म्हणून दर वीसेक मिनिटांनी उठून दूरवर पाहावे, आणि रोज थोडा वेळ बाहेरच्या उजेडात खेळायला जावे. हे कामाच्या बदल्यात सोडू नये. खाली पार्किंगमध्ये टेप घेऊन उभ्या मोटारीची लांबी मोजणे आणि खरा सेंच्युरियन तिच्या किती पट, हे काढणे हाही खेळच आहे.

त्या मातेसाठी आणखी दोन सूचना. दम्याचे प्रतिबंधक औषध ‘आज बरा आहे’ म्हणून चुकवू नये, आणि खोकला किंवा धाप लागल्यावर द्यायचा आराम देणारा पंप कामाच्या टेबलावरच ठेवावा. कामाच्या दिवशी खोकला वाढला तर काम थांबवून त्या दिवशी नेमके काय वापरले ते लिहून ठेवावे; डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. उरलेला थर्माकोल आणि पुठ्ठा सुक्या कचऱ्यात द्यावा. इमारतीच्या मागे पाचोळ्याबरोबर तो पेटवून देतात, तसे करू नये व कोणी करीत असेल तर हटकावे, कारण तो धूर खालून वर आपल्याच खिडकीत येतो.

सर्वांत शेवटी चिखल. नवाकोरा हिरवा रणगाडा खोटा दिसतो. इमारतीखालची मूठभर तांबडी माती फडक्यातून गाळून घ्यावी, पण ती कोरडी उधळू नये. गोंदाच्या पाण्यात कालवून दाट झाली की जुन्या दात घासायच्या ब्रशने पट्ट्यांवर, चाकांच्या खालच्या भागावर आणि बाजूच्या झाकणांच्या कडेला ठिपके मारावेत. बुरुजाला मात्र मातीचा हात लावू नये; तिथे मुलाने ठरवलेले नाव येईल, आणि ते त्यालाच लिहू द्यावे.